एकच रेघ

सोमवार, ४ फेब्रुवारी

दुकानाच्या मापांच्या वहीत स्वतःचं माप लिहिलं, तर मालकीणबाई विचारणार, हे कोण नवं गिऱ्हाईक आणि याचा कपडा कुठाय. म्हणून ही वेगळी वही. दुपारच्या सुट्टीत ट्रायल रूमचा पडदा ओढून स्टुलावर बसून लिहिते आहे. बाहेर काजवाली डबा खाता खाता फोनवर बहिणीशी भांडते आहे, त्यामुळे निदान वीस मिनिटं मला कुणी हाक मारणार नाही.

छाती ३५, कंबर ३१, दंड ११.

नोव्हेंबरात स्वतःसाठी राखाडी स्कर्ट शिवला, तेव्हा कंबर साडेएकोणतीस होती. दीड इंच म्हणजे काही फार नाही. माणसं सुट्टीवर जातात, दोन दोन इंच वाढून येतात आणि आमच्याकडे कपडे उसवायला टाकतात. त्यांच्याच जिवावर आमचं दुकान उभं आहे. पण मी सुट्टीवर गेले नाही, आणि खाणं तर उलट कमी झालंय. चार घास खाल्ले की गळ्याशी येतं. सकाळी चहाचा वास नकोसा होतो. दर तासाला शिवण सोडून मागे पळावं लागतं.

हे सगळं माझ्या ओळखीचं आहे. चार वर्षांपूर्वी असंच झालं होतं.

पाळी मात्र बावीस तारखेला आली. अगदी ठरल्या दिवशी, सांगून आल्यासारखी.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

घराजवळच्या औषधवाल्याकडे गेले नाही. तो मला अकरा वर्षं ओळखतो, आणि मी आत शिरले की उगाच आवाज खाली आणतो. बस दोन थांबे पुढे जाऊ दिली आणि अनोळखी दुकानातून पट्टी घेतली.

एकच रेघ. एक म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. दुसऱ्या रेघेच्या जागी काहीतरी पुसटसं असल्यासारखं वाटलं. नव्हतं.

बुधवार, २० फेब्रुवारी

काल पाळी आली. म्हणजे विषय संपला, असं स्वतःला सांगितलं आणि बसमधून उतरेपर्यंत ते मान्यही केलं. मग दुकानात खाली वाकून एका कोटाची कड टाचत होते, तर पोटात काहीतरी आडवं आल्यासारखं झालं. लहान मुलाला मांडीवर घेऊन वाकलं की होतं, तसं.

काजवालीला विचारलं, माझी एक मैत्रीण आहे, तिला पाळी येते तरी तिला वाटतंय की दिवस गेलेत, असं होतं का. काजवालीला अशा बाबतीत सगळं माहीत असतं. म्हणाली, "का नाही होत? माझ्या मामेभावाच्या बायकोला सहाव्या महिन्यापर्यंत येत होती. सातव्यात कळलं. ती समजत होती, गॅस झालाय."

"आणि टेस्ट?"

"टेस्टचं काय सांगतेस. टेस्ट नाही म्हणत होती आणि पोरगी आतून लाथा मारत होती." मग काज करता करता माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैत्रिणीला सांग, जड उचलू नकोस म्हणावं."

मला हसू आलं. किती दिवसांनी.

शनिवार, २ मार्च

कंबर ३२½.

पुन्हा पट्टी केली. एकच रेघ. कागदात गुंडाळून न्हाणीघरातल्या डब्यात तळाशी टाकली.

एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात गरगरायचं थांबेल. माझं वय एकोणचाळीस. लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं आम्ही निवांत होतो, पुढची चार डॉक्टरांच्या दारात गेली, आणि मग सगळं सोडून दिल्यावर, चार वर्षांपूर्वी, आपोआप दिवस गेले. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो. मशीनवरची बाई गप्पिष्ट होती, हवापाण्याचं बोलत होती. बोलता बोलता थांबली, आणि तिने हळूच मशीनचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. तो पडदा वळला तेव्हाच मला कळलं. बाकीचं नंतर डॉक्टरांनी सांगितलं, ते मी ऐकलंच नाही.

घरी आल्यावर आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही. भांडण नाही, राग नाही. फक्त घरातल्या एका खोलीत कुणी जात नाही, असं काहीसं.

डॉक्टरकडे जायचं आहेच. नाही कोण म्हणतंय? पण आत्ता नाही. अकरावा आठवडा उलटून जाऊ दे.

मंगळवार, ५ मार्च

आज एक नवल घडलं. हा शीळ घालत होता. बूट पुसताना.

हा म्हणजे माझा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत उभं राहून दोराचा आवाज ऐकायचा, म्हणून घरी आला तरी बोलण्यापेक्षा ऐकण्याचीच सवय. अकरा वर्षांत मी त्याची शीळ ऐकली असेल तर लग्नाच्या पहिल्या वर्षात.

मी इस्त्री उचलायला गेले, तर माझ्या हातातून घेतली. म्हणाला, "मी करतो. तू बस." शर्टाची कॉलर पार वाकडी केली, पण केली.

त्याला काही कळलं असेल का? मी तर काहीच बोलले नाही. काही पुरुषांना न सांगता कळतं म्हणतात.

शनिवार, ९ मार्च

हा सफरचंदं घेऊन आला. पिशवीभर. आणि म्हणतो, साहेबांना सांगितलंय, पुढचे काही महिने बाहेरगावची कामं मला देऊ नका. मी विचारलं, का? म्हणाला, "असंच. घरी असलेलं बरं."

आता सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं तर तो लगेच डॉक्टरकडे नेणार. म्हणून सफरचंद कापत बसले.

आईसुद्धा हल्ली माझ्याकडे बघत असतात. आई म्हणजे सासूबाई. प्रसूतिगृहात पंचवीस वर्षं आया होत्या, गेल्या पाच वर्षांपासून आमच्याकडे आहेत. मी उठले की बघतात, बसले की बघतात, ताटात काय उरलं तेही बघतात. त्यांना कळल्याशिवाय राहील थोडंच. त्यांनी जेवढी पोटं पाहिलीत, तेवढे मी ब्लाउज शिवले नसतील. बोलत नाहीत, कारण दृष्ट लागेल अशी भीती असणार.

घरात तीन माणसं आणि तिघं गप्प. पण हे गप्प बसणं निराळं आहे. ऊबदार आहे.

गुरुवार, १४ मार्च

शीळ बंद झाली. सोमवारपासून. सफरचंदं टोपलीत सुरकुतायला लागलीत.

विचारलं, "कामावर काही झालं का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही गं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग बूट घालून गेला.

साहेब काही बोलले असणार, बाहेरगावच्या कामांवरून. मी म्हटलं नव्हतं त्याला नाही म्हण म्हणून.

कंबर ३३.

बुधवार, २० मार्च

पाळी काल आली, वेळेवर. या वेळी मला तिचा रागच आला.

आज अर्धा दिवस सुट्टी टाकून रक्ताची तपासणी केली. प्रयोगशाळेतल्या माणसाने लिफाफा दिला. मी तिथेच उघडला. नाही. आकडाही होता, शून्याच्या आसपासचा.

"चूक होऊ शकते का?" मी विचारलं.

"मशीन आज सकाळीच तपासलंय."

"नावांची अदलाबदल?"

तो नम्र होता. म्हणाला, "ताई, आज सकाळपासून ही एकच तपासणी केलीय. कुणाशी बदलणार?"

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले. मला वेड लागतंय का? शाळेत असताना आमच्या गल्लीत एक बाई रिकामी बाबागाडी ढकलत फिरायची. आम्ही पोरी तिच्यामागे हसत जायचो.

पण वेड लागून स्कर्ट घट्ट होत नाही. टेप माझा आहे, हात माझा आहे. रोज वीस गिऱ्हाइकांचं माप घेते आणि एकाचंही चुकत नाही, मग माझंच कसं चुकेल? राखाडी स्कर्टच्या शिवणीत दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवली होती. आज ती सगळी सोडली.

रविवार, ३१ मार्च

हललं.

जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडले होते. आई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होत्या, हा गॅलरीत पंख्याची मोटर खोलून बसला होता. मी कूस बदलली आणि माझ्यानंतर, क्षणभराने, आत कुणीतरी कूस बदलली. एकदाच. सावकाश. झोपेत माणूस भिंतीकडे वळतं, तसं.

श्वास रोखून पडून राहिले. पुन्हा काही झालं नाही. मीच मुद्दाम उजवीकडे वळले. पुन्हा तेच. मी वळले की ते वळतं.

अर्धा तास मी आणि ते, असा खेळ चालला होता. मग मला रडू यायला लागलं, म्हणून उशीत तोंड खुपसलं. त्या वेळी हा आत आला. पाना शोधत होता बहुतेक. माझ्या पाठीकडे बघत उभा राहिला, मला कळत होतं. विचारेल असं वाटलं. पाना न घेताच परत गेला.

त्याचं हल्लीचं वागणं कळत नाही. मघाशी जेवताना म्हणाला, "आपण एकदा चांगल्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? सहज. दोघंही तपासून घेऊ." दोघंही? याला काय धाड भरलीय? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

रविवार, १४ एप्रिल

कंबर ३५. अंगठी ढिली झालीय. बेसिनमध्ये हात धुताना दोनदा घसरली, म्हणून दोरा गुंडाळलाय. आईचं सगळं बाळ ओढून घेतं म्हणतात.

आज रविवार असूनही हा तातडीच्या कामाला गेला, मग आईंनी मला समोर बसवलं. भाजी निवडायला घेतली होती, ती बाजूला सारली.

"किती महिने झाले म्हणतेस?"

मी कधीच काही म्हटलं नव्हतं, तरी त्या असं विचारत होत्या. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं. "चौथा असेल," म्हटलं.

"पाळी येते?"

"येते."

"आणि तपासलंस?"

"पाचदा. एकच रेघ येते. पण आई, काजवालीच्या मामेभावाच्या बायकोला..."

"ते राहू दे." त्यांनी माझं मनगट धरलं, दोन बोटांत. "अगं, पंचवीस वर्षं मी वॉर्डात काढली. दिवस गेलेली बाई धापा टाकते, ओकते, चिडते, सगळं करते. पण तिचं अंग भरतं. तुझी गालफडं बसलीत. हाताची काडी झालीय. पोट तेवढं वाढतंय."

"मग?"

"मग डॉक्टरकडे चल. मी येते बरोबर."

"म्हणजे बाळ नाही, असंच ना तुमचं म्हणणं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत. तुम्हाला नकोच असेल. आता या वयात कोण करणार, असं वाटत असेल तुम्हाला."

हे मी बोलले. शब्द तोंडातून बाहेर पडताना दिसत होते आणि थांबवता येत नव्हते. चार वर्षांपूर्वी याच बाईने माझ्या चादरी हातानं धुतल्या होत्या, मशीनला लावल्या नव्हत्या, आणि वर कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांनी भाजी पुढे ओढली आणि निवडायला लागल्या.

बुधवार, १७ एप्रिल

काल पाळी. आईंशी बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. त्या माझ्या डब्याजवळ सोललेलं अंडं ठेवतात आणि मी ते ठेवून जाते.

गुरुवार, २५ एप्रिल

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहायचं आहे.

अकराच्या सुमाराला एक शाळेतली बाई आली. गणित शिकवते. आमचं जुनं गिऱ्हाईक, चष्मेवाली, कायम घाईत. दोन ड्रेस सैल करून हवे होते. पाचवा महिना संपत आला आहे. मालकीणबाईंनी माझ्याकडेच पाठवली.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर ती उभी राहिली आणि मी खाली बसून तिच्या पोटाभोवती टेप फिरवला. टेपखाली काहीतरी टकटक झालं. बोटाच्या पेराएवढी जागा, मऊ पण ठाम. ती हसून म्हणाली, "कळलं का? याला टेप आवडत नाही बहुतेक." मी हात तिथेच ठेवला, नको तितका वेळ. तिने ठेवू दिला.

मग बाकीची मापं घेतली. वहीत तिची जुनी मापं होती, ऑक्टोबरची. शेजारी नवी लिहीत गेले. छाती ३४ ची ३७. कंबर, ते सांगायला नकोच. दंड पाऊण इंचाने वाढलाय. पाठही रुंदावलीय.

ती गेल्यावर मी ही वही काढली आणि चार फेब्रुवारीचं पान उघडलं. छाती ३५, कंबर ३१, दंड ११. पुढची पानं चाळली. कंबर, कंबर, कंबर. फेब्रुवारीनंतर मी छाती आणि दंड लिहिलेलेच नाहीत. घेतली नव्हती असं नाही. घेतली होती. लिहिली नाहीत.

वीस वर्षं मी मापं घेते आहे. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं, तेव्हा मी काही बोलत नाही, नुसती थांबते. केव्हातरी श्वास सोडावाच लागतो. मग लिहिते.

पडदा ओढला आणि घेतली. छाती ३३½. कंबर ३६. दंड १०.

तिचं सगळं वाढलंय. माझं एकच.

काजवालीने बाहेरून विचारलं, "काय गं, आत झोपलीस का?" मी म्हटलं, येते. आवाज नेहमीसारखा निघाला, याचंच आश्चर्य वाटलं.

घरी आले तेव्हा आई गॅलरीत कपडे काढत होत्या. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आई, हात लावून बघा."

त्यांनी कपडे खुर्चीवर ठेवले, मला पलंगावर झोपवलं, हातांवर हात घासून ऊब आणली आणि पोट तपासलं. दोन्ही बाजूंनी, हळूहळू, डोळे मिटून. मग माझा कुर्ता नीट खाली केला, लहान मुलीचा करतात तसा.

"उद्याच जायचं," म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली.

हा आल्यावर त्याला सांगायचं होतं. पण आईंनीच सांगितलं असावं, कारण तो आत आला आणि बूट न काढता माझ्याशेजारी बसला. "मी उद्या येतोय," एवढंच म्हणाला.

शुक्रवार, २६ एप्रिल

तपासणारी डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिने पोटावर ते गार जेल लावलं तेव्हा मी म्हटलं, "पडदा माझ्याकडे करा."

"थांबा, आधी मी..."

"नाही. आधी माझ्याकडे."

तिने ह्याच्याकडे पाहिलं. हा म्हणाला, "करा." तिने पडदा वळवला.

काळं होतं. सगळीकडे नुसतं काळं, कडेपासून कडेपर्यंत, मधे एक-दोन पातळ पांढरे पडदे. विहिरीत वाकून बघितल्यासारखं. ती म्हणाली, ही गाठ आहे, डाव्या अंडाशयाची, आत पाणी भरलंय, खूप मोठी झालीय, काढावी लागेल आणि लवकर काढावी लागेल. कसली आहे ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

"हलायचं ते?" मी विचारलं.

"आतलं पाणी असेल. कूस बदलली की ते सरकतं."

"आणि बाळ?"

खरं तर तोवर मला माहीत होतं. तरीपण कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "बाळ नाही." डोळे न चुकवता म्हणाली. यासाठी मी तिची आभारी आहे.

ह्याने माझा पाय धरला होता, घोट्याजवळ. तिथेच त्याचा हात पोचत होता.

शनिवार, ४ मे

परवा ऑपरेशन झालं. फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडकंच.

गाठ आणि डावं अंडाशय काढलं. शुद्धीवर येत होते तेव्हा एक नर्स दुसरीला सांगत होती, "पुरी चार किलोची निघाली, म्हणजे बघ, बाळाहून..." आई माझ्या उशाशी होत्या. त्यांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, पेशंट ऐकतेय." नर्स कानकोंडी होऊन गेली.

पोट सपाट झालंय. पट्ट्या आहेत, दुखतंय, पण सपाट. रिकामं वाटेल असं वाटलं होतं. तसं नाही वाटत, हलकं वाटतंय. आणि हलकं वाटतंय याचंच वाईट वाटतंय. आज अर्धी वाटी सूप प्यायले आणि पुढची अर्धीही मागितली.

रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस.

बुधवार, ८ मे

टाके. ताप नाही. रिपोर्ट नाही. आई शेजारी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात आणि मला सोपे शब्द विचारतात, जे त्यांना येत असतात.

त्यांना म्हटलं, "आई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"चार अक्षरी, नदीचा काठ," त्या म्हणाल्या.

"किनारा तीनच होतात," मी म्हटलं.

"तेच तर." आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

मंगळवार, १४ मे

रिपोर्ट आला. साधी गाठ. कॅन्सर नाही. डॉक्टरांनी फोनवर दोनदा सांगितलं, तरी मी ह्याच्या हातात फोन देऊन तिसऱ्यांदा ऐकायला लावलं. आई आत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिल्या. भांडी सकाळीच घासून झाली होती.

डॉक्टर असंही म्हणाल्या, उजवं अंडाशय चांगलं आहे. वय आहे खरं, पण शक्यता अगदीच संपली असं नाही.

संध्याकाळी हा आणि मी गॅलरीत बसलो. मी त्याला ही वही वाचून दाखवणार नव्हते, पण तोंडी सगळं सांगितलं. पट्ट्या, रक्त, हलणं, काजवालीचा मामेभाऊ. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "एक पट्टी मला सापडली होती."

"कधी?"

"मार्चच्या सुरुवातीला. डब्यातली पिशवी बदलताना. तिच्यावर रेघ होती." तो गॅलरीच्या कठड्याशी बोलत होता. "मला वाटलं, रेघ आली म्हणजे आहे. नसती आली तर नाही. मी ती कधी पाहिलीच नव्हती ना. मागच्या वेळी तू नुसतं येऊन सांगितलं होतंस."

मी बोटातल्या अंगठीचा दोरा फिरवत राहिले.

"आठ-नऊ दिवस मी..." तो थांबला. "साहेबांना सांगितलं, बाहेरगावी जाणार नाही. तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मग कामावरच्या एकाला विचारलं, त्याला तीन मुलं आहेत, म्हटलं, रेघ आल्यापासून किती दिवसांनी सांगतात बायका? तो म्हणाला, किती रेघा? मी म्हटलं, एक. तो हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला."

"मला का नाही विचारलंस?"

"तुझा हात सारखा पोटावर असायचा. तुला एकच रेघ दिसत असूनही तू मानत नव्हतीस. मी काय म्हणणार होतो? मीही आठ दिवस मानलं होतं की."

मी त्याच्याकडे बघितलं. तीन महिने मला वाटत होतं, माझ्याजवळ काहीतरी आहे आणि ते मी एकटीने सांभाळते आहे. यानेही आठ दिवस सांभाळलं होतं, एकट्याने, लिफ्टच्या खोबणीत उभं राहून. आणि मग एकट्यानेच खाली ठेवलं.

"त्या वेळचंही आपण बोललो नाही," मी म्हटलं. "चार वर्षांपूर्वीचं."

"नाही."

मग बोललो. उजेड होता तोवर बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. आम्हा दोघांचं आहे ते.

शेवटी मी विचारलं, "बाळाची वाट बघणं आपण थांबवू या का?"

तो म्हणाला, "तुला थांबणं जमणार असेल तर थांबू. नसेल तर चालू. पण मला आता तू हवी आहेस, एवढं मला कळलंय."

मी म्हटलं, मला विचार करायला वेळ दे. म्हणाला, घे.

सोमवार, १७ जून

दुकानात पहिला दिवस. जड उचलायचं नाही, जास्त वाकायचं नाही. काजवालीने मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मीच तुझ्या डोक्यात भरवलं गं," म्हणाली. "मामेभावाच्या बायकोचं खरं-खोटं मलाही माहीत नाही. ऐकलेलं सांगितलं मी."

"तू नसतं सांगितलंस तर दुसऱ्या कुणाला विचारलं असतं," मी म्हटलं. "हवं ते कुणीतरी सांगेपर्यंत विचारत राहिले असते." तिला ते पटलं नाही, पण तिने माझ्यासाठी खुर्चीवर उशी आणून ठेवली, आणि दुपारपर्यंत पुन्हा बहिणीशी फोनवर भांडायला लागली.

चारच्या सुमाराला गणिताची बाई आली, तिच्या आईला घेऊन. आता सातवा. ड्रेस पुन्हा घट्ट झालेत. मालकीणबाई म्हणाल्या, दुसरीला सांगते, तू बस. मी म्हटलं, नको, मी घेते. हळूहळू खाली बसले, एक हात स्टुलावर टेकून. तिची आई शेजारी उभी राहून बघत होती. बायका बोलायचं म्हणून बोलतात, तसं तिने विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला गेलाय. बसमध्ये, लग्नांत, ट्रायल रूममध्ये. दर वेळी माझं उत्तर एकच असायचं: अजून नाही. इतकं तोंडात बसलेलं, की मी काही म्हणते आहे हेही मला जाणवायचं नाही.

टेप तिच्या मुलीच्या पाठीमागून घेतला आणि पुढे आणला.

"नाही मला मुलं," मी म्हटलं.

त्या बाईने आणखी काही विचारलं नाही. मुलीने हात थोडे वर केले, म्हणजे मला आकडा नीट दिसावा. मी तिने श्वास सोडेपर्यंत थांबले, आणि लिहिला.